आधी पाणी, मग आंबटपणा: आम्ल, आम्लारी आणि क्षार घरच्या घरी ओळखताना

एका कोरड्या वाटीत चमचाभर खाण्याचा सोडा घ्या. त्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, मिसळा. ढवळा. काहीही होत नाही. दोन पांढऱ्या पुडी शेजारी शेजारी गप्प पडून राहतात. आता वरून चमचाभर पाणी टाका. फस्सकन फेस वर येतो आणि वाटीबाहेर जातो.

रसायनशास्त्राशी ओळख करून घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी हाच प्रयोग करायला सांगतो. पुस्तकात पहिल्या पानावर ‘आम्लं चवीला आंबट असतात, निळा लिटमस तांबडा करतात’ असं लिहिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. पण आम्ल आंबट कधी लागतं? जिभेवरच्या लाळेत विरघळल्यावर. लिटमस तांबडा कधी होतो? ओला असेल तर. कोरड्या लिंबूसत्त्वावर कोरडा लिटमस ठेवला तर तो निळाच राहतो. पाण्यात गेल्यावर आम्लाच्या रेणूतून हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचा विद्युतभार असलेला कण, सुटतो, आणि आम्लाचे म्हणून जे गुण आपण पाठ करतो ते सगळे या सुट्या आयनाचे असतात. म्हणून या लेखात मी धडा उलटीकडून शिकवणार आहे: आधी काय विरघळतं आणि किती, आणि त्यानंतर आंबट, तुरट, खारट.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू

मराठीत शिकणाऱ्याला इथे एक जादा अडचण असते आणि ती कुणी सांगत नाही. आपल्या बोलण्यात ‘खार’ म्हणजे पापडखार, टाकणखार. जिभेला चरचरणारं, बुळबुळीत, साबणाच्या जातीचं काहीतरी. ‘क्षार’ हा त्याच घरातला शब्द. पण शाळेच्या पुस्तकात ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भिडल्यावर पाण्यासोबत जे तयार होतं ते; मीठ हा त्याचा नमुना. म्हणजे बोलीतला खार बहुतेक वेळा आम्लारीसारखा वागणारा, आणि पुस्तकातला क्षार उदासीन, आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी यांपैकी कसाही असू शकणारा. ‘बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत’ या वाक्यातला क्षार मात्र पुस्तकातला, अगदी बरोबर.

बाकीचे शब्द पटकन: जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं तो द्रावक, दोन्ही मिळून द्रावण. आम्लाचा विरोधी गट म्हणजे आम्लारी. आम्लारींपैकी ज्या पाण्यात विरघळतात त्यांना अल्क म्हणतात. हा शेवटचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

सामान

स्वयंपाकघरातून मीठ, साखर, खाण्याचा सोडा, हळद, लिंबू, व्हिनेगर, एखाद्या अंड्याचं टरफल. किराणा दुकानातून तुरटी आणि धुण्याचा सोडा. पानाच्या गादीवरून खायचा चुना. कुंपणावरची आठ-दहा निळी गोकर्णीची फुलं. औषधाच्या बाटलीसोबत येणारा ५ मिलीचा चमचा, काचेचे पारदर्शक पेले, चहाची गाळणी, टिपकागद. डोळ्यांवर चश्मा, नंबरचा असला तरी चालेल, पण हवाच.

चश्म्याचा आग्रह चुन्यासाठी आहे. चुना आपण पानात खातो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण डोळ्यात उडालेला चुना बुबुळ जाळतो, आणि चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळताना लहान मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणं आहेत. उडालाच, तर फुंकर मारत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

पायरी पहिली: किती विरघळतं ते मोजा

चार पेल्यांत प्रत्येकी १०० मिली साधं पाणी घ्या. एकात मीठ, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात खाण्याचा सोडा, चौथ्यात चुना. सपाट चमचा भरून टाकायचं, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, मग पुढचा चमचा. तळाशी साका राहू लागला की थांबायचं. त्या क्षणी द्रावण संपृक्त झालं.

मीठ सहा चमच्यांच्या आसपास थांबेल. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात ते सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं. साखर कंटाळा येईपर्यंत विरघळत राहील, कारण तिची मर्यादा २०० ग्रॅमच्या घरात आहे. सोडा दोन चमच्यांतच दमतो, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. चुन्याचं मात्र पहिल्याच चिमटीला पाणी पांढरं होतं आणि पांढरंच राहतं: १०० मिलीत जेमतेम ०.१७ ग्रॅम.

आता पेले गरम पाण्यात ठेवून पाहा. सोडा असलेला पेला कोमटच ठेवा, फार तापला तर सोड्याचं विघटन सुरू होतं. मिठाला उष्णतेने फारसा फरक पडत नाही. उकळत्या पाण्यातही ते ३९ ग्रॅमच. एका वेगळ्या पेल्यात तुरटी घेतलीत तर ती गरम पाण्यात कित्येक पट जास्त विरघळते आणि गार होताना स्फटिक होऊन परत बाहेर येते. पेल्यात दोरा लोंबकळत सोडला तर दोन दिवसांत त्यावर खडे धरतात. चुना सगळ्यांहून उलटा: तो गार पाण्यात जास्त आणि गरम पाण्यात कमी विरघळतो. ‘गरम केलं की जास्त विरघळतं’ हे पाठ केलेल्या मुलांचे चेहरे इथे पाहण्यासारखे होतात.

चौथा पेला फेकू नका. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी न ढवळता बाटलीत ओतून बूच घट्ट लावा. ही चुन्याची निवळी. निवळी कोमट नव्हे, गार पाण्यातच का करायची हे आता सांगायला नको.

पायरी दुसरी: दर्शक तयार करा

रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ म्हणजे दर्शक. त्यातला लिटमस विकत मिळतो. तो रॉसेला जातीच्या दगडफुलांपासून काढतात, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचाच तो दूरचा भाऊबंद. पण घरचे दोन दर्शक मला जास्त आवडतात, कारण त्यांच्या मर्यादा शिकवून जातात.

हळद: तिचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ती नुसती तरंगते आणि खाली बसते. स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझरमध्ये टाकली तर रंग लगेच उतरतो. द्रावक बदलला की विद्राव्यताही बदलते, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. हे काम चुलीजवळ करू नका, स्पिरिट पेटतं. पिवळा अर्क टिपकागदावर पसरून सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा.

गोकर्ण: फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा. गर्द निळं पाणी मिळेल. हे टिकत नाही, त्याच दिवशी वापरा.

हळद आम्लारीत तांबडी होते. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते. त्यामुळे हळदीच्या पट्टीने ‘हे आम्ल आहे’ असं कधीच सिद्ध होत नाही, फक्त ‘हे आम्लारी नाही’ एवढंच कळतं. आमटी सांडलेला शर्ट साबणाने धुतला की डाग लालभडक होतो, तो याचमुळे. भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. हळदीला चुना आणि लिंबाची प्रक्रिया करून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. गोकर्णीचं पाणी दोन्हीकडे बोलतं: आम्लात जांभळं ते गुलाबी, आम्लारीत हिरवं.

पायरी तिसरी: तपासा आणि लिहून ठेवा

प्रत्येक पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवा, एक थेंब हळदपट्टीवर, एक चमचा गोकर्णीच्या पाण्यात. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचा कोळ: पट्टी पिवळी, गोकर्ण जांभळी-गुलाबी. धुण्याचा सोडा, साबण, निवळी: पट्टी लाल, गोकर्ण हिरवी. खाण्याचा सोडा: पट्टी जेमतेम तांबूस. मीठ: दोन्हीकडे शांत.

या रंगांना आकडा दिला की तो सामू (pH). शेतकऱ्याला हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरून चांगला माहीत असतो. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी मांडली. बिअर बनवणाऱ्यांना आंबटपणा नेमका मोजायची गरज होती. ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस २ ते २.५, दही ४ ते ४.५, खाण्याच्या सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचं ११, निवळी १२.४. एक घर सरकलं की दहापट फरक. म्हणजे दही आणि लिंबू यांच्यातलं अंतर दोन घरांचं दिसलं, तरी आयनांचं प्रमाण शंभरपट वेगळं.

इथे नवखे लोक दोन शब्दांत अडकतात: तीव्र आणि संहत. संहत किंवा विरल म्हणजे पाण्यात पदार्थ किती घातला ते. तीव्र किंवा सौम्य म्हणजे घातलेल्यांपैकी किती रेणू फुटून आयन झाले ते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू फुटतात. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे दोनशेंत साधारण एक. व्हिनेगर पाण्यात शंभर टक्के विरघळतं, तरी सौम्यच राहतं. विरघळणं वेगळं, फुटणं वेगळं. विरघळताना आयन होतात ही कल्पना स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधात मांडली. परीक्षकांना ती फारशी पटली नाही, त्यांनी श्रेणी यथातथाच दिली. पुढे १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पायरी चौथी: निवळीचा खेळ

सगळ्या लेखात एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा.

अर्धा पेला निवळी घ्या. स्ट्रॉने हळूहळू फुंका. फुंकायचंच, ओढायचं नाही; लहान मुलं असतील तर हे काम तुम्हीच करा. मिनिटभरात निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल झाला, चुना आम्लारी होताच, दोघांचा मिळून क्षार झाला: कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पांढरा अवक्षेप दिसला.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नका. आता या दुधाळ पाण्यात बाटलीतला गार साधा सोडा, पिण्याचा, भरपूर ओता. दूध नाहीसं होऊन पाणी पुन्हा स्वच्छ होतं. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं, आणि कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळतं. हे स्वच्छ पाणी छोट्या पातेल्यात घेऊन उकळा. वायू उडून जातो आणि पांढरेपणा परत येतो.

तुमच्या गीझरच्या कॉइलवर, इस्त्रीच्या भोकांत आणि चहाच्या किटलीत जो पांढरा थर धरतो तो हाच. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं म्हणून पाणी दिसायला स्वच्छ, पण जड. तापवलं की कार्बोनेट होऊन चिकटतं. त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, हाही त्याच कॅल्शियमचा प्रताप. किटलीत अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी घालून तासभर ठेवा, थर फसफसत निघून जाईल.

पायरी पाचवी: विरघळलं की खाल्लं गेलं?

अंड्याचं टरफल पाण्यात महिनाभर ठेवलं तरी तसंच राहतं. व्हिनेगरमध्ये ठेवलं तर बुडबुडे सुटतात आणि एक-दोन दिवसांत फक्त पातळ पापुद्रा उरतो. लोक म्हणतात, ‘व्हिनेगरमध्ये टरफल विरघळलं.’ हे बरोबर नाही. मीठ पाण्यात विरघळलं तर पाणी आटवून तेच मीठ परत मिळतं. हे द्रावण आटवून टरफल परत मिळणार नाही; मिळेल कॅल्शियम ॲसिटेट, एक वेगळाच क्षार. आम्लाने टरफलाचं रूपांतर केलं आणि ते नवं रूप विरघळणारं होतं, इतकंच.

हा फरक ओट्यावरही दिसतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचेच दगड. कडप्प्यावर लिंबाची फोड पालथी राहिली की फिका डाग उठतो आणि तो घासून जात नाही, कारण तो डाग नसतोच. तेवढी झिलई आम्लाने खाल्लेली असते. त्या फरशीवर बाथरूमचं ॲसिड ओतणाऱ्याला मी काही सांगत नाही, फरशीच सांगते.

धातूंचंही तसंच. लोखंडी खिळा व्हिनेगरमध्ये ठेवला की त्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरतात आणि लोखंडाचा क्षार द्रावणात उतरतो. तांब्यातून हायड्रोजन सुटत नाही, पण हवेच्या साथीने आम्ल तांब्यालाही हळूहळू विरघळवतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणजे त्यात तांब्याचे क्षार उतरतात. कल्हई त्यासाठीच असायची.

बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच हे दोन्ही एकत्र कधीही वापरू नका, एकापाठोपाठ एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. संहत आम्ल विरल करायची वेळ आलीच तर पाण्यात आम्ल हळूहळू सोडायचं, आम्लात पाणी नाही.

पायरी सहावी: कोणता क्षार विरघळतो ते ओळखा

पाठ करायचे नियम मोजकेच आहेत. सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे जवळपास सगळे क्षार विरघळतात. नायट्रेटही सगळे विरघळतात, सोरा त्यातलाच. क्लोराइड विरघळतात, अपवाद चांदी आणि शिसं. सल्फेट विरघळतात, अपवाद बेरियम आणि शिसं, कॅल्शियमचं थोडंसंच. कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड मात्र सहसा विरघळत नाहीत, सोडियम-पोटॅशियमसारखे सोडून.

या नियमांचा उपयोग काय, असं विचाराल तर दवाखान्यातली दोन उदाहरणं देतो. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, कातडी जाळतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही हायड्रॉक्साइडच, पण पित्तावर ते आपण चमचा चमचा पितो. फरक विद्राव्यतेचा. कॉस्टिक सोडा पूर्ण विरघळून सगळे आयन एकदम मोकळे करतो. मॅग्नेशियमवाला जवळजवळ विरघळतच नाही, पोटातल्या आम्लाने जेवढे आयन खर्च केले तेवढेच नवे सोडतो. म्हणून ते औषध दुधासारखं पांढरं असतं आणि बाटलीवर ‘हलवून घ्या’ लिहिलेलं असतं. दुसरं उदाहरण बेरियमचं. बेरियमचे आयन विषारी, तरी पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला बेरियम सल्फेट पाजतात. ते विरघळत नाही, म्हणून जसं जातं तसं बाहेर येतं.

क्षार आम्लधर्मी की आम्लारिधर्मी हे त्याच्या आईबापांवरून ठरतं. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचं मीठ उदासीन. तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा धुण्याचा सोडा आम्लारीकडे झुकलेला. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांची तुरटी आम्लाकडे झुकलेली. पडताळून पाहा: तुरटीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाका, लिंबू पिळल्यासारखा फेस येईल. फेस ओसरल्यावर तळाशी पांढरा, जेलीसारखा साका दिसतो, तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर हाच साका मातीच्या कणांना गुंडाळून खाली नेतो.

हे सगळं एका बादलीत: बोर्डो मिश्रण

आतापर्यंतचं सगळं एकत्र पाहायचं असेल तर कोकणातल्या सुपारीच्या किंवा नाशिककडच्या द्राक्षाच्या बागेत जा. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण तिथे हातानेच करतात. फ्रान्समधल्या मेडोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना घाबरवायला मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं सल्फेट, आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवडा या बुरशीसारख्या रोगातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिलं आणि १८८५ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली.

एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. घरच्या दोन-चार झाडांना १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० लिटर पुरे. हातमोजे आणि चश्मा घाला. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाणी घ्या. लोखंडी नको, मोरचूद तिला खाईल. मोरचुदाचे खडे फडक्यात बांधून पुरचुंडी पाण्यात वरच्या अंगाला लोंबकळत ठेवा. विरघळलेलं निळं पाणी जड असतं, ते खाली सरकतं आणि पुरचुंडीला नवं पाणी मिळत राहतं. खडे तळाशी टाकलेत तर संपृक्त थरात अडकून तासन्‌तास तसेच राहतील. दुसऱ्या बादलीत चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो विरवा. भरपूर वाफ येते, तोंड दूर ठेवा. विरल्यावर ५ लिटर करून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. आभाळी निळा, दाट साका तयार होईल.

आता कसोटी. स्वच्छ, घासलेला लोखंडी विळा किंवा चाकू मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांब्याचे विरघळलेले आयन अजून शिल्लक आहेत. मिश्रण आम्लधर्मी आहे आणि ते पानं करपवेल. चुन्याची निवळी आणखी घाला, पुन्हा पाहा. पातं कोरं निघालं की झालं. सगळं तांबं न विरघळणाऱ्या रूपात गेलं. न विरघळणारं आहे म्हणूनच ते आगोटीच्या पावसातही घोसावर टिकून राहतं आणि बुरशी रुजेल तिथे थोडं थोडं मोकळं होत राहतं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की साका जाडसर होतो आणि पानाला धरत नाही.

आणि मिठागरात

उरण, पेण, वसई, भाईंदर इथल्या मिठागरांत विद्राव्यतेचा हाच हिशेब उन्हावर चालतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. पाणी वाफ्यावाफ्यातून पुढे नेत आटवत जातात. सर्वांत कमी विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट आधी बाहेर पडतं, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं. शेवटी उरलेलं कडू पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांचं. हे क्षार सगळ्यांत जास्त विरघळणारे, म्हणून शेवटपर्यंत पाण्यातच राहतात; ते पाणी वेळेवर काढून टाकायचं असतं. लोणारच्या सरोवरातही पाणी आटतं, पण तिथे कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट मागे राहतात. म्हणून समुद्राचा सामू ८ च्या आसपास आणि लोणारचा १० च्या घरात. हळदीची पट्टी लोणारच्या पाण्यात बुडवली तर साबणात बुडवल्यासारखी लाल होते.

मिठागरातलं कडू पाणी पूर्ण निथळलेलं नसलं की त्यातलं थोडं मॅग्नेशियम क्लोराइड दाण्यांवर राहतं आणि हवेतली ओल ओढून त्यातच विरघळतं. पहिला पाऊस यायच्या आधीच घरातल्या जाड्या मिठाच्या बरणीला तळाशी पाणी सुटतं, ते त्याचंच.